टँकरची कारभारीण

अण्णा, तुमच्या टँकरच्या पिक्चरचा नवीन भाग आलाय, आणि तो बघून आल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. मी चिडलेय. पिक्चर काढणाऱ्यांवर चिडलेय, तो बघणाऱ्यांवर चिडलेय, फोनवर बोंबा मारणाऱ्या जगभरच्या येड्यांवर चिडलेय, आणि राग कुठंही सोडला तरी फिरून तुमच्याच दारात येतोय, गुरं दिवेलागणीला दावणीला येतात तसा. तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली. गेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. असं म्हणणाऱ्यांनी जरा माझ्या जागी येऊन बसावं.

पिक्चरचं खरं नाव इंग्रजी, चांगलं वीतभर लांब. वाशीत ते कुणाच्या जिभेवर बसलं नाही. आपल्याकडं तो टँकरचाच पिक्चर, कारण तुम्ही तसं म्हणालात. आडत बाजाराच्या मागं तुमचं पत्र्याचं व्हिडिओ शेड. आधी ते तुरीचं गोदाम होतं, म्हणून पिक्चर सुरू झाला की पोत्यांच्या धुळीनं निम्मं गाव शिंकायचं. पुढं खोक्यावर रंगीत टीव्ही, त्याच्याखाली फडक्यात गुंडाळलेला व्हिडिओ, आणि बाजूला स्टुलावर तुम्ही, माईकला हातरुमाल बांधून. माईक आणि भोंगा वस्तीतल्या जयंतीचा. वर्षातून एकदा त्यातून भाषणं व्हायची, बाकीचं वर्ष तो तुमच्या पिक्चरांना. तुम्हाला इंग्रजी येत नव्हतं. यस, नो आणि गेटआऊट, संपलं. तरी बाजाराच्या दिवशी टीव्हीचा आवाज बंद करून तुम्ही अख्खा इंग्रजी पिक्चर मराठीत सांगायचात, आणि भूम-कळंबकडनं बाजाराला आलेली माणसं शेवटची गाडी चुकवून तो ऐकायची. आदल्या दिवशी कॅसेट एकट्यानं एकदा बघायची, चित्र बघून काय चाललंय ते ठरवायचं, आणि दुसऱ्या दिवशी ठोकून द्यायचं. एवढंच तुमचं शिक्षण.

आभाळात फिरणारं ते लांबडं यान तुम्ही बघितलं, त्याच्या पोटातल्या टाक्या बघितल्या, टाक्यांत निळं काहीतरी हिंदकळताना बघितलं, आणि तुम्ही म्हणालात, हा टँकर आहे आणि ह्यात पाणी आहे. दुसरं काय म्हणणार? त्या साली वाशीत बायका हंडे घेऊन टँकरमागं पळत होत्या. तुम्ही पाणी म्हणालात आणि शेड असं गप झालं की बाहेरच्या म्हशीचं रवंथ ऐकू यावं. मग यानाची कप्तान असलेली ती उंच बाई झाली कारभारीण. काळ्या कपड्यातला खलनायक झाला गुत्तेदार, त्यानं आभाळातल्या सगळ्या ग्रहगोळ्यांचं पाणी गुत्त्यानं, म्हणजे ठेक्यानं, घेतलेलं. "बघा बघा कारभारणीकडं," तुम्ही माईकमध्ये म्हणायचात, "तीन दिस डोळ्याला डोळा न्हाय बयेच्या. माघून गुत्तेदाराची माणसं यायलीत, म्होरं रस्ता न्हाय, अन् टाकीला लागली गळती! आता काय करंल?" शेडातून कुणीतरी ओरडायचं, "चिंधी कोंब म्हणावं, चिंधी!" आणि तुम्ही जराही न अडखळता, "चिंधी आणाया डायवर गेलाय, दम धरा." मला हसू यायचं. आत्ता लिहितानाही आलं, आणि त्याचाही राग आला.

मी तेव्हा तुमच्या स्टुलामागच्या पोत्यांवर बसायचे. पहिला भाग मी इतक्यांदा बघितला की तुम्ही श्वास कुठं घेता तेसुद्धा मला पाठ झालं. घरी आईपुढं चुलीजवळ बसून मी तो सगळा सांगायचे, उलथनं तोंडापुढं धरून. आई भाकरी थापता थापता म्हणायची, "अगं बाप बरा, तू तर मधी श्वासबी घेईनास." तिला टँकरचा पिक्चर माझ्याच तोंडून माहीत होता. तिनं तो कधी बघितला नाही. शेडात बाया यायच्या नाहीत ना. म्हाताऱ्या चालायच्या, बारक्या पोरी चालायच्या. मधल्या चालायच्या नाहीत.

दुसऱ्या भागाच्या शेवटी काय झालं ते तुम्हाला आठवतंय का? मला ते रोज आठवतं म्हणलं तरी चालेल. टाकीची गळती बुजवायला कारभारीण यानाच्या बाहेर जाते, तेवढ्यात गुत्तेदाराची माणसं येतात, आणि आतले तिचेच गडी घाबरून दार लावून घेतात. ती बाहेर, आभाळात. पिक्चर संपतो. पुढच्या रांगेत धनगराची एक म्हातारी बसायची, बाजाराला मेंढरं विकून आली की पिक्चर बघून जायची. ती काठी आपटत उठली, "दार उघड की रं मुडद्या! बाई भाईर ऱ्हायली!" सगळे तुमच्याकडं बघायला लागले. तुमच्याकडं सांगायला काही उरलं नव्हतं, कारण कॅसेट तिथंच संपत होती. आणि मी पोत्यांवरनं ओरडले, "मेली न्हाय ती! तिच्या कमरंला दोरी हाय, म्या बघितली!" शेडभर टाळ्या. म्हातारीनं मला ओढून मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "अण्णा, पोरगी तुझ्याबी वर हाय रं." मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही माईकचा रुमाल सोडत होता. तुमचा चेहरा मला नीट दिसला नाही.

घरी आल्यावर तुम्ही ताटावर बसलात, पहिला घास मोडला, आणि आईला सांगितलंत. मला नाही सांगितलंत, आईला सांगितलंत. "उद्यापासून हिनं शेडात यायचं न्हाय. पोरगी मोठी झाली. लोकं बोलायलेत." आई म्हणाली, "कोण बोलायलं?" तुम्ही म्हणालात, "बोलायलेत म्हणलं ना." मी चुलीजवळ होते. मी काही मोठीबिठी झाले नव्हते अण्णा, माझ्या फ्रॉकला अजून खिसे होते. त्या घासापासून आजवर मी एकच प्रश्न चघळतेय. लोक बोलत होते म्हणून तुम्ही मला बाहेर काढलंत, की शेडात माझ्यासाठी टाळ्या वाजल्या म्हणून? पहिलं असेल तर तुम्ही भित्रे होता. दुसरं असेल तर काय म्हणू, तुम्ही माझे वडील आहात. आणि हेच तुम्ही जयंतीला त्याच भोंग्यातून ओरडायचात, पोरी शिकवा, पोरींना पुढं आणा, चूल अन् मूल पुरं झालं. वस्तीतल्या बाया मान डोलवायच्या. मी पहिल्या रांगेत बसून तुमच्या तोंडाकडं बघायचे आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

तिसरा भाग आला तेव्हा मी शेडाच्या मागं, लिंबाखाली, गुरांच्या पाण्याच्या दगडी डोणीवर बसून ऐकला. दर बाजारी. त्या बाजूला एक भोंगा होता, त्यामुळं सगळं ऐकू यायचं. पत्र्याच्या आत गाव हसतंय, रडतंय, शिट्ट्या मारतंय, आणि बाहेर मी आणि नाल्याची कुत्री. चित्र एकही बघितलं नाही, पण सगळं पाठ झालं. पुढं केबल आली, शेड बंद पडलं, तुम्ही लग्नाच्या मांडवात माईकवर नवरदेवाच्या मामांची नावं पुकारायला लागलात. मग पिक्चर फोनवर आले, तिन्ही भाग आले. मी तिसरा बघितला नाही. आत घेतलं नाही ना मला, मग नाही बघायचा. तुम्हीच म्हणायचात, हट्ट करावा तर हिनं.

मग मी नोकरीला लागले, तीही बसस्टँडवर, माईकपुढं. इतक्या जागा होत्या, पण मला तीच मिळाली. ह्या फलाटावर ही गाडी, त्या फलाटावर ती, प्रवाशांनी नोंद घ्यावी. एक दिवस केबिनच्या काचेतनं बघते तर समोरच्या बाकावर तुम्ही. हातात पिशवी नाही, जायचं कुठं नाही, दुपारभर नुसते बसलेले. मी बाहेर आले तर तुम्ही म्हणालात, "गावाचं नाव दोनदा घेत जा. पहिल्यांदा माणूस कान टवकारतो, दुसऱ्यांदा ऐकतो. अन् शेवटचा शब्द गिळू नको." झालं. चांगलं बोलतीस असं एक वाक्य नाही. मला तेव्हाच विचारायचं होतं, अण्णा, का हाकललं मला? तेवढ्यात तुळजापूरची गाडी लागली, मला पळावं लागलं. परत आले तर बाक रिकामा होता. गावाचं नाव मी तेव्हापासून दोनदा घेते, आणि दर वेळी चिडते.

आता हे नवीन. इतक्या वर्षांनी चौथा भाग काढलाय, तीच कारभारीण म्हातारी झालेली घेतलीय, आणि आपल्याकडं हिंदी आवाजात आलाय. तुमच्या शेडात बसणाऱ्या पोरांचा फोनवर ग्रुप आहे. पोरं कसली, आता टकलं पडलीत. एक जीप चालवतो, एक शाळेत मास्तर आहे, बाकीचे शेती करतात, कुणी दुकानं चालवतं. महिनाभर ग्रुपवर दुसरा विषय नव्हता. आणि जगभर तर भांडणं लागलेली, पिक्चर यायच्या आधीच. गाड्यांच्या मधल्या वेळेत केबिनमध्ये मी फोनवर वाचत बसायचे. आमचं बालपण नासवलं म्हणे. आमच्या यानाचा रंग बदलला म्हणे. चाळिशीचे बाप्ये कॅमेऱ्यापुढं डोळ्यात पाणी आणून ओरडतायत. आणि सगळ्यात मोठी बोंब कशाची, तर नवीन कारभारीण एक सावळी पोरगी आहे. ही कशी चालंल? हिला कुणी घेतलं? ही आमच्यातली वाटत नाही. त्या पोरीच्या फोटोखाली लोकांनी जे लिहिलं होतं ना, ते मी तुमच्यापुढं तोंडानं म्हणणार नाही. सगळ्या जगाच्या भाषांत तेच. हिला बाहेर काढा.

आम्ही जीप करून बार्शीला गेलो, दुपारच्या खेळाला. सगळ्या ग्रुपमध्ये बाई मी एकटी, आणि ह्या वेळी मी बरोबर मधल्या रांगेत बसले, मुद्दाम. पिक्चर सुरू झाला. पहिल्या अर्ध्या तासातच कारभारणीला मारून टाकली. म्हातारी झालेली, एका जिन्यावरनं उतरते, एक उडती गोळी लागते, संपलं. अहो एवढी बाई, आभाळात एकटी राहिलेली, तिला एक नीट मरण देता आलं नाही! मास्तर तिथंच रडायला लागला. पण खरा धोंडा पुढंच होता. हिंदीत बोलतायत, त्यामुळं पहिल्यांदाच आम्हाला सगळं कळत होतं. नवीन पोरगी टाकीपाशी उभी राहते, निळं ते हिंदकळतंय, आणि ती म्हणते, ह्या इंधनावर आपल्या तोफा आणखी शंभर वर्षं चालतील. इंधन, अण्णा. तोफांचं. पहिल्या भागापासून तेच होतं. पाण्याचा थेंब नव्हता त्या टँकरात.

जीपवाला उभाच राहिला. "ए! पाणी हाय ते!" अख्ख्या टॉकीजला ऐकू जाईल असं. मागनं कुणीतरी म्हणलं, "काका, बसा खाली. पाणी प्यायचं तर बाहेर टाकी आहे." टॉकीज खदाखदा हसलं. आमची सगळी रांग मान खाली घालून बसली, जशी शाळेत चड्डी ओली झाल्यावर बसावी.

येताना जीपमध्ये जी जुंपली ती विचारू नका. कुणाला पिक्चरचा राग, कुणाला हसणाऱ्यांचा, आणि हळूहळू सगळा राग तुमच्यावर आला. एक म्हणाला, "अण्णानं आपल्याला शेंडी लावली. आपुन येड्यागत रडलो पाण्यासाठी, अन् तिथं चालली व्हती लढाई." दुसरा म्हणाला, "म्या पोराला सांगितलं व्हतं ओ, हा पिक्चर दुष्काळावर हाय. पोरगं आता हसंल मला." मास्तर म्हणाला, "इंग्रजीचा गंध नाही आणि माईक हातात." मी तोवर खिडकीतनं बाहेर बघत होते. ह्यावर वळले. म्हणलं, "मास्तर, तुम्हाला येत होतं का इंग्रजी? मग तेव्हा का नाही उठून सांगितलं? फुकटच्या पोत्यावर बसून ऐकलं ना मुकाट? आज बार्शीची चार पोरं हसली तर लगेच बाप बदलला का?" माझा आवाज भोंग्याचाच आहे, जीपमध्ये मावला नाही. मास्तर वरमला, पण तोंड बंद ठेवता आलं नाही त्याला. म्हणाला, "ते जाऊ द्या. पण ती नवीन पोरगी काय शोभत नाही बुवा कारभारीण म्हणून."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी जीप थांबवायला लावली. रस्त्याच्या कडेला, ज्वारीच्या शेताजवळ, सगळ्यांना खाली उतरवलं आणि धुतलं, अण्णा. म्हणलं, कोण शोभतं ते ठरवणारे तुम्ही कोण? पिक्चर तुमच्या बापाचा आहे का? पिक्चर माझ्या बापाचा आहे! आणि त्यानंही मला आत येऊ दिलं नाही. तुम्ही आत पोत्यांवर लोळत होता तेव्हा मी मागं डोणीवर बसून ऐकत होते, तुमच्यापैकी एकानं तरी म्हणलं का, अण्णा, पोरीला आत घ्या? दोरी मी बघितली होती. टाळ्या तुम्ही वाजवल्या होत्या. दुसऱ्या बाजारी मी नव्हते तेव्हा कुणाला माझी आठवण तरी झाली का? एकानं उगंच टायरला लाथ मारून बघितली.

मग जीपवाला हळूच म्हणाला, "ताई, एक विचारू का? तुला तर आमच्यापेक्षा बरं ऐकू येत असंल की तिसरा भाग. भोंगा तुझ्याकडंच व्हता." मी म्हणलं, तो भोंगा गिऱ्हाईक ओढायला होता. तो म्हणाला, "गिऱ्हाईक कुठलं मागच्या बाजूला? बाजार म्होरं भरायचा. माघं नाला अन् लिंब. आमी तर बोंबलायचो, अण्णा, भोंगा आत फिरवा, आत कायबी ऐकू येईना. शिंका, खोकला, लेकरांचा दंगा. अण्णा काय ऐकायचे न्हायत. म्हणायचे, तिकडं गिऱ्हाईक हाय."

तुम्हाला वाटत असेल हे ऐकून मी विरघळले. सगळ्या ग्रुपला तसंच वाटलं, मास्तरानं तर लगेच डोळे पुसायला रुमाल काढला. मी विरघळले नाही. मला तिथं, त्या ज्वारीच्या कडेला, आधीपेक्षा जास्त राग आला. म्हणजे तुम्हाला माहीत होतं. मी डोणीवर बसलेय हे तुम्हाला दर बाजारी माहीत होतं. शिडीवर चढून, तारा ओढून, गावाच्या शिव्या खाऊन तुम्ही भोंगा लिंबाकडं फिरवलात. अहो, दार उघडणं सोपं होतं! पत्र्याचं दार, आतनं नुसती कडी. दोन बोटांचं काम. लोक बोलले असते चार दिवस, मग गप झाले असते, लोकांना दुसरे धंदे असतात. इतका जीव होता तर हाताला धरून आत बसवायचं होतं, आणि जीव नव्हता तर भोंगा फिरवायचा नव्हता. हे अर्धं अर्धं काय केलंत तुम्ही? मला धड तुमचा राग राग करता येत नाही आणि धड सोडूनही देता येत नाही. तुम्ही एकदा जरी म्हणाला असता, ऐकू येतं का गं मागं, तरी मी एवढी वर्षं अशी जळत बसले नसते. बसस्टँडच्या त्या बाकावरसुद्धा म्हणाला नाहीत. शेवटचा शब्द गिळू नको म्हणालात मला. आणि स्वतः?

जगभरचे लोक पिक्चर पुन्हा काढा म्हणून सह्या गोळा करतायत. आपल्या लोकांनी वेगळंच काढलं. दोन दिवसांनी ग्रुपवर जीपवाल्यानं लिहिलं, आपला टँकर आपुन परत दाखवू. त्यांचं इंधन त्यांना लखलाभ. तिसरा भाग लावायचा, आवाज बंद करायचा, आणि अण्णा सांगायचे तसा सांगायचा. पाणीच म्हणायचं. शेड आता खताचं गोदाम आहे, मालकाला विचारलं, तो येत्या रविवारी देतो म्हणाला. आणि सगळ्यांनी एका सुरात लिहिलं की सांगायला ताई. ताईच्या तोंडात अण्णांचा आवाज आहे. आधी मी लिहिलं, नाही. आत घ्यायच्या वेळी घेतलं नाही, आता गरज पडली तर ताई! मास्तरानं फोन करून माफी मागितली, त्याच्या मुलीला फोनवर दिलं. ती मुलगी म्हणाली, "आत्या, पप्पा म्हणतात मी लहान आहे तोवर येऊ शकते, खरं का?" मी म्हणलं, बापाला फोन दे. बापाला काय बोलले ते सोडा. मग मी हो म्हणलं.

पण माझ्या अटींवर. शेडाचं दार सताड उघडं ठेवायचं, दोन्ही फळ्या भिंतीला टेकवून, आणि दगड लावून. म्हाताऱ्या येवोत, पोरी येवोत, मधल्या तर आल्याच पाहिजेत. आणि भोंगा लावायचा नाही. कुणाला ऐकायचं असेल त्यानं आत यावं. जीपवाला म्हणाला, "अण्णांची आठवण म्हणून एक तरी लावू की, लिंबाकडं." मी म्हणलं, लावलास तर तारेसकट उपटीन.

तयारी म्हणून परवा आम्ही केबिनमागं चहाला बसलो होतो. तिथं वाद लागला, की तिसऱ्या भागात दार उघडतं आणि कारभारीण आत येते, तिथं अण्णा काय म्हणायचे? पिक्चरमधली सगळ्यात मोठी जागा. जीपवाला म्हणाला, "ये बाई घरात, असं म्हणायचे. आवाज बसायचा त्यांचा तिथं." मास्तर म्हणाला, छे, "पाणी आलं रे पाणी आलं" असं ओरडायचे. तिसरा म्हणाला, काहीच म्हणायचे नाहीत, माईक खाली ठेवायचे. हमरीतुमरीवर आले. शेवटी सगळे माझ्याकडं वळले, ताई, तू सांग, तुला पाठ आहे. मी चहाचा कप ठेवला आणि म्हणलं, तिघंही चूक. रविवारी कळेल. आणि गाडी लागली म्हणून उठून आले.

गाडी काही लागली नव्हती. अण्णा, मला ते येत नाही. तिसऱ्या भागातलं सगळं येतं, गुत्तेदाराचा दम, डायवरचं रडणं, श्वासासकट येतं. तेवढंच येत नाही. कारण त्या पहिल्या बाजारी डोणीवर बसून मी तुम्हाला म्हणताना ऐकलं, "कमरंला दोरी होती बयेच्या, दोरी!" आणि आत शेड फुटेल अशा टाळ्या. माझी दोरी, आणि टाळ्या तुम्हाला! मी रागानं दोन्ही कानात बोटं घातली, गच्च. काढली तेव्हा पुढचं चालू झालं होतं. आणि नंतर दर बाजारी, दोरी आली की मी बोटं घालायचे. तुम्ही भोंगा माझ्याकडं करून तिथं काय म्हणत होता, ते मी एकदाही ऐकलं नाही.

हे कागद मी आता घडी करून पर्सच्या मागच्या कप्प्यात टाकणार, पाठवायला तुम्ही पत्ता कुठं ठेवलाय. रविवारी मी पहिल्यांदा तो भाग बघणार, हातात माईक धरून, हे ग्रुपला माहीत नाही. कारभारीण दारातनं आत आलेली मी बघितलेली नाही. ती येईल, सगळं शेड माझ्या तोंडाकडं बघेल, आणि मला काहीतरी म्हणावं लागेल. काय म्हणत होता, अण्णा? आता तरी सांगा की. बोटं काढलीत मी.